नडगीच्या नळीतला खिळा

पाय गुडघ्यात दुमडून बसा आणि गुडघ्याच्या वाटीखालून घोट्यापर्यंत पायाच्या पुढच्या बाजूने बोट फिरवीत या. सबंध वाटेवर बोटाला एक कठीण धार लागते. हीच नडगी. या धारेच्या आतल्या अंगाला हाडाचा जो सपाट पृष्ठभाग लागतो, त्याच्यावर स्नायूंचा थर मुळीच नाही. कातडी आणि तिच्याखालची थोडी चरबी एवढेच काय ते त्याचे आवरण. मांडीचे हाड चोहोबाजूंनी जाड स्नायूंत पुरलेले असते. नडगीचे तसे नाही. पोटरीचे सगळे मांस तिच्या मागे. त्यामुळे नडगी मोडली की तिचे अणकुचीदार टोक कातडी फाडून सहज बाहेर येते. याला उघडा अस्थिभंग म्हणतात. शरीरातील लांब हाडांपैकी असा अस्थिभंग सर्वांत जास्त वेळा होतो तो याच हाडाचा.

रायगडच्या किनारपट्टीवर राहणाऱ्यांना 'पायात रॉड टाकलाय' हे वाक्य अपरिचित नाही. पनवेल-पेण-माणगाव-महाड असा जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, वडखळहून अलिबागकडे फुटणारा रस्ता, रेवदंडा-मुरूडची वळणे आणि नारळ-पोफळीची उंच झाडे, या सर्वांनी मिळून नडगी मोडण्याची पुरेशी सोय करून ठेवली आहे. पण हा रॉड हाडाच्या बाहेर न बसवता आत का घालतात? तो हाड जोडतो का? मी भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे. शस्त्रक्रिया कशी करावी हे सांगणे माझे काम नव्हे. मात्र या प्रश्नांची अर्धी उत्तरे तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहेत आणि उरलेली अर्धी जीवशास्त्राच्या. ती एकत्र वाचली तरच रॉडचे खरे काम ध्यानात येते.

वेग दुप्पट, ऊर्जा चौपट

गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हांला माहीत आहे : ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. समजा, ७० किलोग्रॅम वस्तुमानाचा एक माणूस ताशी २७ किलोमीटर वेगाने मोटारसायकलवरून चालला आहे. हा वेग सेकंदाला ७.५ मीटर होतो. त्याची गतिज ऊर्जा सुमारे १,९७० जूल भरते. वेग ताशी ५४ किलोमीटर झाला, तर ती ७,८७५ जूल होते. वेग दुप्पट, पण ऊर्जा चौपट.

अपघातात ही ऊर्जा कोठेतरी जावीच लागते. तिच्यातला काही भाग पायात शिरला, तर हाड मोडण्यात तो सगळा संपत नाही. उरलेल्या ऊर्जेने हाडाचे तुकडे होतात, स्नायू चेंगरतात, रक्तवाहिन्या फाटतात आणि कातडी सोलली जाते. १९७६ साली रॅमन गुस्टिलो आणि अँडरसन या शल्यविशारदांनी उघड्या अस्थिभंगांचे जे तीन प्रकार पाडले, त्यांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. जखम १ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि स्वच्छ असेल, तर पहिला प्रकार. जखम त्याहून मोठी, पण मांसाची फारशी हानी नाही, तर दुसरा. मांस मोठ्या प्रमाणात चेंगरले असेल, तर तिसरा. तिसऱ्यातही हाड झाकायला कातडी-मांस उरले आहे की नाही आणि मुख्य रोहिणी तुटली आहे काय, यांवरून पोटविभाग करतात. थोडक्यात, पायात किती ऊर्जा शिरली याची ही मोजपट्टीच म्हणा ना!

ग्लासगोचा मुलगा

उघड्या अस्थिभंगाचा खरा शत्रू मोडलेले हाड नव्हे, तर जखमेतून आत शिरणारे जीवाणू. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अशा जखमेवर पाय कापून टाकणे हाच पुष्कळदा एकमेव इलाज समजला जाई, आणि पाय कापल्यावरही रोगी वाचेलच असे नसे. ग्लासगो येथील रुग्णालयात जोसेफ लिस्टर यांनी आपल्या हाताखालच्या अशा शस्त्रक्रियांची नोंद ठेवली होती. जंतुनाशक पद्धत सुरू होण्यापूर्वीच्या ३५ रोग्यांपैकी १६ दगावले. नंतरच्या ४० पैकी फक्त ६.

हा फरक ज्या घटनेपासून सुरू झाला, ती नडगीचीच आहे. १२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा रुग्णालयात आला. गाडीचे चाक डाव्या पायावरून गेले होते. हाड मोडले होते आणि वर जखम होती. लुई पाश्चर यांचे सूक्ष्मजंतूंवरील संशोधन लिस्टर यांनी वाचले होते. त्यांनी जखमेवर कार्बॉलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. चार दिवसांनी ती उघडली, तेव्हा जखमेत पू नव्हता. सुमारे सहा आठवड्यांत हाड सांधले आणि मुलगा स्वतःच्या दोन पायांवर घरी गेला.

कार्बॉलिक आम्ल आज वापरात नाही. तत्त्व मात्र तेच आहे. शक्य तर दुखापतीनंतर तासाभरात प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायचे. त्यानंतर शस्त्रक्रियागृहात मेलेले, मळलेले मांस कापून काढायचे आणि कित्येक लिटर सलाइनने जखम धुवायची. पाणी जोराने मारावे की हळू सोडावे? त्यात साबण घालावा की नाही? जोराने मारलेले साबणाचे पाणी जास्त घाण काढेल असे कोणालाही वाटेल. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे अडीच हजार रोग्यांवरील चाचणीचा निष्कर्ष वेगळा निघाला. पाण्याच्या जोराने काही फरक पडला नाही, आणि साबणाच्या पाण्याने धुतलेल्यांना साध्या सलाइनवाल्यांपेक्षा पुन्हा शस्त्रक्रिया जास्त वेळा करावी लागली. 'असे असलेच पाहिजे' आणि 'असे आहे' यांतले अंतर प्रयोगच दाखवतो, ते असे.

पोकळ नळीचे बळ

जखम स्वच्छ झाली, आता हाड स्थिर करायचे. प्लास्टर घालावे तर जखम झाकली जाते आणि तिची देखभाल अवघड होते. मग धातूचा आधार द्यायचा, पण कोठे?

फूटपट्टी घ्या. आडवी धरून वाकवा, सहज वाकते. कडेवर उभी धरून वाकवा, वाकत नाही. पदार्थ तोच, परंतु वाकवण्याच्या दिशेत तो मध्यापासून जितका दूर असेल तितका जास्त विरोध करतो. वाकणाऱ्या दांड्याची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि मधोमध ना ताण ना दाब. मधला पदार्थ वजन वाढवतो, पण वाकणे आवरण्याच्या कामी फारसा येत नाही. बांबू पोकळ असतो तो याचसाठी, आणि नडगीही.

भरीव गोल सळईचा वाकण्यास होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. ८ मिलिमीटरची भरीव सळई घ्या. तेवढ्याच धातूची १० मिलिमीटर बाह्य व्यासाची नळी केली, तर तिचा आतला व्यास ६ मिलिमीटर येतो (१०० − ३६ = ६४, म्हणजे ८ चा वर्ग). आता चौथे घात पाहा. सळईचा ४,०९६; नळीचा १०,००० − १,२९६ = ८,७०४. धातू तेवढाच, पण नळी दुपटीहून अधिक ताठ! नडगीत घालण्याचे पुष्कळसे खिळे असे पोकळ असतात, आणि ही पोकळी आणखी एका कामाला येते, ते पुढे सांगतो.

हाडाच्या बाहेरून पट्टी आणि स्क्रू बसवता येतात. पण एक तर त्यासाठी आधीच फाटलेले मांस आणखी उघडावे लागते. दुसरे असे की पट्टी हाडाच्या एका बाजूला असते. बादली शरीराजवळ धरली तर हलकी वाटते, हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो. हा परिबलाचा नियम. समजा, पायावर ६०० न्यूटन भार आहे. आधार भाररेषेपासून २.५ सेंटिमीटर दूर असेल, तर त्याला वाकवणारे परिबल १५ न्यूटन-मीटर होईल. अर्धा सेंटिमीटर दूर असेल, तर अवघे ३. हाडाच्या नळीतला खिळा भाररेषेजवळ असतो. म्हणून त्याला आत जागा!

ही कल्पना जर्मनीतील कील येथील गेरहार्ड क्युन्चर यांनी प्रत्यक्षात आणली. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी मांडीच्या मोडलेल्या हाडात पोलादी खिळा घातला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतून सुटून आलेल्या युद्धकैद्यांच्या मांडीत हे पोलाद पाहून दोस्त राष्ट्रांचे डॉक्टर चकित झाले होते.

करून पाहा : पपईचा देठ

पपईच्या पानाचा लांब देठ आतून पोकळ असतो. तो मधोमध तोडा (चीक डोळ्यांना लागू देऊ नका, हात धुवा). आत जेमतेम बसेल अशी शीतपेयाची कागदी नळी दोन्ही तुकड्यांत सरकवा. आता वाकवून पाहा : जोड वाकत नाही. पिळून पाहा : एक तुकडा दुसऱ्यावर गरकन फिरतो. दाबून-ओढून पाहा : तुकडे सरकतात. साध्या खिळ्याची हीच अडचण होती. वाकणे थांबले, पण पीळ आणि आखूड होणे थांबेना. हाडाचे अनेक तुकडे झाले असतील, तर पाय आखूड होई किंवा पाऊल तिरके वळे.

आता दोन्ही तुकड्यांत एकेक टाचणी देठ व नळी यांच्या आरपार आडवी खोचा. पीळ थांबला, सरकणे थांबले! १९७० नंतरच्या दशकात क्लेम व शेलमान आणि पुढे ग्रोस व केम्फ यांनी याच युक्तीने खिळ्याला वर-खाली भोके ठेवून आडवे स्क्रू घालण्याची पद्धत रुळवली. आज नडगीत घालतात तो खिळा बहुधा या जातीचा.

तो आत जातो कसा?

रोग्याचा गुडघा दुमडून वाटीच्या खाली छोटा छेद घेतात आणि नडगीच्या वरच्या टोकाला भोक पाडतात. त्यातून एक बारीक लांब तार मोडलेल्या जागेपलीकडे घोट्याजवळपर्यंत सरकवतात. मग तिच्यावरून पोकळ खिळा ओवतात. पोकळीचा दुसरा उपयोग तो हाच. मोडलेली जागा त्यासाठी आणखी उघडावी लागत नाही. काही वेळा खिळ्याआधी अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढत्या मापाचे रीमर फिरवून नळी रुंद करून घेतात, म्हणजे जाड खिळा बसतो. पण हाडाच्या भिंतीच्या आतल्या मोठ्या भागाला रक्त मिळते ते याच नळीतल्या वाहिन्यांतून, आणि रीमर त्या खरवडून टाकतो. जाड खिळ्याचा फायदा मोठा की रक्ताचा तोटा? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या बाराशेंहून अधिक रोग्यांच्या चाचणीत असे दिसले की कातडी न फाटलेल्या अस्थिभंगात रीमर फायद्याचा ठरतो. उघड्या अस्थिभंगात दोन्ही पद्धतींत तसा फरक आढळत नाही.

सगळे काम सी-आर्म नावाच्या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर पाहत चालते. घोट्याजवळच्या स्क्रूची भोके तर हाडाच्या आत दडलेली. ती कशी सापडतात? सारख्या मापाच्या दोन बांगड्या उन्हात एकीमागे एक, चार बोटे अंतर ठेवून धरा. भिंतीवर दोन सावल्या पडतात. बांगड्यांची मध्ये जोडणारी रेषा सूर्यकिरणांना समांतर झाली, की दोन्ही सावल्या एकमेकींवर बसून एकच होते. खिळ्याच्या पुढच्या व मागच्या भिंतीतली भोके म्हणजे या दोन बांगड्या. पडद्यावर स्वच्छ गोल दिसला, की त्या दिशेने ड्रिल सरळ आरपार जाते. जेथे सी-आर्म नाही तेथे काय करायचे? अमेरिकेतील लुईस झर्कल यांनी १९९९ साली सुरू केलेल्या 'साइन' या संस्थेचा खिळा अशा ठिकाणांसाठीच आहे. खिळ्याला बाहेरून जोडलेला मापाचा दांडाच भोकाची जागा दाखवतो. गरीब देशांतील अनेक रुग्णालयांत तो वापरला जातो.

जखम फार मळलेली असेल, तर खिळा लगेच घालत नाहीत. हाडात पिना घालून बाहेरून चौकट लावतात. याचे कारण असे की धातूच्या पृष्ठभागावर जीवाणू चिकट पापुद्रा करून बसले, की प्रतिजैविक तेथपर्यंत नीट पोहोचत नाही.

खिळा हाड जोडीत नाही

आता मुख्य मुद्दा. खिळा हाड जोडीत नाही. हाड जिवंत असते आणि ते स्वतःच सांधते. मोडलेल्या जागी प्रथम रक्त साकळते, मग मऊ 'किण' तयार होतो, पुढे त्याचे कठीण हाड बनते. यासाठी रक्तपुरवठा हवा. खिळा देतो ती फक्त मुदत.

मुदत कशी, ते मोजून पाहू. माणूस दिवसाला ५,००० पावले चालला, तर एका पायावर २,५०० वेळा भार पडतो. उघडी मोडलेली नडगी सांधायला सहा महिने लागले असे धरू. १८० × २,५०० = साडेचार लाख वेळा! तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. हा धातूचा थकवा. हाड आधी सांधते की खिळा आधी थकतो, अशी ही शर्यत आहे. हाड सांधू लागले, की भार त्याच्यावर जातो आणि खिळा सुटतो. ते सांधलेच नाही, तर चांगल्यातला चांगला खिळाही कधीतरी तुटेल.

मग खिळा खूप जाड, खूप ताठ का करू नये? पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ११० आणि हाडाचा १८ च्या आसपास. धातूने सगळाच भार उचलला, तर हाड आळशी होते. भार पडेल तसे हाड घडते, हा नियम ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला. थोडी हालचाल किणाला हवीच असते. फार झाली, तर किण फाटतो.

आणि रक्तपुरवठ्याचे काय? उघड्या हाडावर जिवंत आवरण हवे. ते शक्य तर तीन दिवसांत. कातडी उरली नसेल, तर प्लॅस्टिक सर्जन पोटरीचाच एखादा स्नायू, त्याची रक्तवाहिनी न तोडता, पुढे वळवून हाडावर पांघरतात. म्हणजे खिळा घालणारा एकटा पाय वाचवीत नाही.

पहिला तास

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील विख्यात प्लॅस्टिक सर्जन डॉ. नोशिर अंतिया १९७० नंतरच्या दशकात याच किनाऱ्यावर, मांडव्याच्या परिसरात काम करू लागले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. १९८१ साली ते रायगड झाले. नाजूक शस्त्रक्रियेत मुरलेल्या या डॉक्टरांनी तेथे भर दिला तो गावच्या स्त्रियांना आरोग्याचे प्राथमिक काम शिकवण्यावर. उपचाराची पहिली पायरी गावातच असते, हे यामागचे सूत्र नडगीला तंतोतंत लागू पडते. मुरूडहून अलिबाग सुमारे ५० किलोमीटर. मध्ये घाट, वळणे, खाडीवरचा पूल. रुग्णालय गाठेपर्यंतचा वेळ डॉक्टरांच्या हाती नसतो. तो तुमच्या हाती असतो.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. १०८ ला दूरध्वनी करा आणि अपघाताची वेळ कागदावर लिहा. बाहेर आलेले हाड आत ढकलू नका. जखमेवर स्वच्छ धुतलेले कापड ठेवा. रक्त वाहत असेल, तर ते कापड तळहाताने दाबून धरा. हळद, चहाची भुकटी, तंबाखू, माती यांपैकी काहीही जखमेत भरू नका. जीवाणूंना ते आमंत्रणच. पाय आहे तसाच ठेवून मांडीपासून पावलापर्यंत पोचेल अशी फळी किंवा बांबू मऊ कापड घालून बांधा; गाठ जखमेवर नको आणि इतकी घट्टही नको की बोटे निळी पडावीत. शस्त्रक्रियेसाठी पोट रिकामे लागते, म्हणून खायला-प्यायला देऊ नका. उघडी जखम घेऊन हाडवैद्याकडे जाऊ नका. चोळण्याने जीवाणू आणखी आत जातात. रुग्णालयात धनुर्वाताच्या लसीची आठवण करून द्या.

सोडवून पाहा

१. ९ आणि ११ मिलिमीटर व्यासाच्या दोन भरीव खिळ्यांपैकी दुसरा वाकण्यास किती पट विरोध करील?
२. वेग ताशी ४० वरून ६० किलोमीटर केला, तर गतिज ऊर्जा किती पट होईल?
३. पपईच्या प्रयोगात दोन्ही टाचण्या एकाच तुकड्यात खोचल्या तर काय होईल?

उत्तरे : १. सुमारे २.२ पट. २. सव्वादोन पट. ३. दुसरा तुकडा मोकळाच राहील. पीळही थांबणार नाही आणि सरकणेही. स्क्रू मोडलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना हवेत ते म्हणूनच.